छपरासाठीची पेटी

चर्चचं छप्पर गळतंय, हे मंडळीला जाहीर करून सांगावं लागत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी माणसं दारातून आत येतात, आधी वर बघतात आणि मग बाक निवडतात. आमच्याकडे डाव्या हाताचे मधले दोन बाक कित्येक वर्षं जून ते सप्टेंबर रिकामेच असायचे. तिथे बादल्या ठेवलेल्या असत आणि पाळकसाहेब उपदेशात जरा थांबले की थेंबांचा आवाज सगळ्यांना ऐकू येई. तबला वाजवणारा मुलगा तबला-डग्गा जाड चादरीत गुंडाळून आणायचा. ओल लागली की पुडी उतरते आणि भजनाला सूर सापडत नाही. वर्षानुवर्षं आम्ही तेवढंच करत आलो. बाक सरकवले, बादल्या वाढवल्या, तबला गुंडाळला.

मग एका जुलैत वरच्या तक्तपोशीची एक फळी सुटून खाली आली. उपासना आटोपून लोक बाहेर आवारात चहा घेत होते, म्हणून कुणाला लागलं नाही. फळी हातात घेतली तर एका टोकाला लाकूड असं उरलंच नव्हतं. बोटाने दाबलं की भुगा पडत होता. शब्बाथ शाळेची मुलं दर रविवारी बरोबर त्याच फळीखाली बसतात. त्या दिवशी घरी जाताना कुणी फारसं बोललं नाही.

आमचं चर्च मध्य मुंबईत, भायखळा आणि लालबागच्या मधल्या पट्ट्यात आहे. लहानसं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या. आजूबाजूला एके काळी चाळी होत्या आणि चाळींमध्ये आमची माणसं होती. नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातून, नेवासा-राहुरी-शेवगावकडून आलेली, काही जालन्याची, काही मिरजेची. पुरुष रेल्वेत, छापखान्यात, महापालिकेत, गिरणीत. बायका शाळेत शिक्षिका, नाहीतर नर्स. जे. जे. आणि के. ई. एम.च्या कितीतरी वॉर्डांत आमच्या मंडळीतल्या सिस्टर होत्या. रात्रपाळी संपवून पांढऱ्या साडीतच उपासनेला येणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. माझी आई त्यांच्यातली एक.

आता त्या चाळींच्या जागी टॉवर उभे आहेत आणि आम्ही सगळे लांब गेलो आहोत. कल्याण, बदलापूर, नालासोपारा, पनवेल. पायी पाच मिनिटांवर राहणारी मंडळी आता दीड-दीड तासाचा प्रवास करून येते, तोही रविवारी, म्हणजे मेगाब्लॉकच्या दिवशी. पाळकसाहेबांनी उपासनेची वेळ सकाळी लवकर आणली ती याच कारणाने. ब्लॉक सुरू व्हायच्या आत निदान ठाण्याच्या पुढे तरी पोचता यावं. ज्या मंडळीचं एकही कुटुंब आता चर्चच्या गल्लीत राहत नाही, तिला त्या गल्लीतल्या इमारतीसाठी पैसे द्यायला सांगायचं होतं. दुरुस्तीचा खरा अवघड भाग हा होता. लाकूड, चुना, कौलं ही नंतरची गोष्ट.

मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. आमचं चर्च त्याहून कितीतरी जुनं. इंजिनिअर आले, लहान हातोडीने भिंतीवर टकटक करत सगळीकडे फिरले. जिथे आवाज भद्द येई तिथे खडूने गोल काढत गेले. संध्याकाळपर्यंत आतली उत्तरेची भिंत खडूच्या गोलांनी भरून गेली होती. अहवाल आला, त्यामागोमाग अंदाजपत्रक आलं, आणि खास सभा बोलावली गेली.

त्या सभेबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे जे बोललं गेलं ते मुंबईतल्या बऱ्याच जुन्या मंडळ्यांमध्ये बोललं जातं.

एक गट म्हणाला, जागा विका. आज या भागात जमिनीला जो भाव आहे त्यात डोंबिवली-बदलापूरकडे दोन चर्चं बांधून होतील, शिवाय माणसंही तिकडेच आहेत. हे म्हणणारे लोक लोभी नव्हते. बदलापूरला एका गृहसंकुलाच्या हॉलमध्ये भाड्याने उपासना चालवणारे तेच होते. त्यांची अडचण खरी होती. दुसरा गट म्हणाला, कौलं-बिलं सोडा, वर पत्रे टाका, स्वस्तात काम होईल. तिसरं मत कुणी उभं राहून मांडलं नाही, पण ते सगळ्यांच्या मनात होतं. वरून काहीतरी येईल. कुठली तरी संस्था, कुणी तरी परदेशातला माणूस, कुठला तरी निधी. बसून राहिलं की येईल.

या तिसऱ्या मताला मुळं आहेत, आणि ती खोल आहेत. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे मिशनरी मुंबईत उतरले आणि पुढे जे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखलं गेलं त्याची सुरुवात झाली. शाळा, छापखाना, दवाखाने, चर्चं. भायखळ्याच्या बाजूला नागपाड्यातलं नेबरहुड हाउस त्याच मिशनचं. १९३६ साली आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले वर्ग तिथे भरले आणि क्लिफर्ड मॅन्शर्ट हे तिचे पहिले संचालक होते. ही सगळी देणगी आम्ही कृतज्ञतेने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण तिच्याबरोबर एक सवयही आली. भिंत पडली तर मिशनबंगल्यावर जाऊन सांगायचं. साहेब बघतील. साहेब गेले, १९२४ साली मिशनची मंडळी संयुक्त चर्चमध्ये आली, १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आणि तरीही कुठेतरी साहेब बघतील ही भावना राहूनच गेली.

गंमत अशी की खुद्द अमेरिकन बोर्डाला ही सवय नको होती. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये हिंदुस्थानात आले होते. मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण बघावा आणि सुवार्ताही आपणच सांगावी, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांच्या पैशाने आमच्या भिंती उभ्या राहणार होत्या, तेच सांगत होते की एक दिवस या भिंती तुमच्या तुम्हाला उभ्या ठेवता आल्या पाहिजेत.

मला त्या सभेत हेच म्हणायचं होतं आणि मी ते म्हटलं. ही वास्तू आपल्याला मिळालेली आहे. आपण ती बांधलेली नाही. आपल्यातल्या कुणाच्याही आजीने किंवा पणजोबांनी तिच्या पायात पैसा घातला होता की नाही, कागद सांगत नाहीत. पण छप्पर आपण केलं तर ते आपलं असेल, आणि एकदा ते आपलं झालं की विकायचं की ठेवायचं हे ठरवायचा हक्कही आपल्याला खऱ्या अर्थाने येईल. आधी दुरुस्त करू, मग विकण्यावर भांडू. यावर बदलापूरचे काका म्हणाले, “बाई, हे बरोबर आहे. पण हिशेब कोण ठेवणार?”

सभेतला तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा रंगकामासाठी वर्गणी गोळा झाली होती. रंग झाला नाही आणि पैशाचं काय झालं ते कुणी कधी नीट सांगितलं नाही. तेव्हा दिलेल्यांपैकी काही जण अजून आहेत. वीस वर्षांनंतरही ते विसरलेले नव्हते, आणि त्यांनी विसरावं असं मला वाटतही नाही.

पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपदेशाला जो भाग घेतला तो मंडळीतल्या अनेकांनी कधी लक्ष देऊन वाचला नव्हता. दुसऱ्या राजांच्या पुस्तकातला बारावा अध्याय. योवाश राजाने याजकांना सांगितलं होतं की लोकांकडून येणारा पैसा घ्या आणि मंदिराची पडझड दुरुस्त करा. राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी दुरुस्ती झालेली नव्हती. पैसा येत होता, भिंती तशाच होत्या. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसा मोजत आणि तो थेट काम करणाऱ्यांच्या हाती जाई. सुतार, गवंडी, पाथरवट. मधे कुणाचा हात नाही. पाळकसाहेब म्हणाले, “बायबलात दुरुस्तीच्या पैशाबद्दल अविश्वास आहे आणि त्यावरचा उपायही आहे. आपण तोच करू.”

मग तशीच पेटी आली. मंडळीतल्याच एका सुतारकाम येणाऱ्या गृहस्थांनी त्या पडलेल्या फळीच्या चांगल्या उरलेल्या भागातून ती बनवली. दोन कुलपं. एक किल्ली खजिनदारांकडे, दुसरी महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर उघडायची, दोघांनी मोजायची, आणि आकडा फळ्यावर लिहायचा. बँकेत आलेले पैसेही त्याच फळ्यावर. नावं लिहायची नाहीत, फक्त रकमा. यावर थोडा वाद झाला. मोठी रक्कम देणाऱ्याचं नाव यायला हवं, असं काहींना वाटत होतं. महिला मंडळाने ठाम नकार दिला आणि मला त्यांचं म्हणणं पटलं.

पावत्यांचं काम माझ्याकडे आलं, म्हणून पैसे कसे येतात ते मला जवळून दिसलं. तरुण मुलं क्यूआर कोड स्कॅन करतात आणि दोन मिनिटांत मोकळी होतात. वडीलधारी माणसं मात्र नोटा पाकिटात घालून, त्यावर नाव-गाव लिहून आणतात. रोख दोन हजारांच्या वर असेल तर ८०-जीची करसवलत मिळत नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागे. एका निवृत्त सिस्टरने ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सवलत नको. पेन्शन रोख काढते, रोखच देणार.” त्यांनी दर महिन्याला दिलं. गुडघे धरलेले, कळव्याहून यायच्या. स्टेशनचा जिना त्यांना चढवत नसे. मग त्यांच्या इमारतीतला एक मुलगा, आमच्या मंडळीचाही नसलेला, त्यांना रिक्षाने स्टेशनपर्यंत आणून सोडू लागला.

निवृत्त नर्सेसबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण आमच्या चर्चचं छप्पर मुख्यतः त्यांनी केलं. या बायका पंधरा-सोळाव्या वर्षी गाव सोडून आल्या. मिरजेच्या मिशन इस्पितळात किंवा नगरला शिकल्या, मुंबईत नोकरीला लागल्या, होस्टेलवर राहिल्या, धाकट्या भावंडांची शिक्षणं केली, नंतर स्वतःच्या मुलांची. माझी आई पगाराच्या दिवशी आधी दशमांश बाजूला काढायची, मग घरभाडं. हा क्रम तिने कधी बदललेला मला आठवत नाही, अगदी १९८२च्या गिरणी संपानंतर आमच्या चाळीत निम्म्या घरांची चूल अडचणीत होती तेव्हाही नाही. त्या वर्षांत चर्चच्या थैलीत पडलेला पैसा कुठून निघाला असेल, याचा मी आता विचार करते. तेव्हा फक्त इतकंच दिसायचं, की थैली फिरवणाऱ्यासमोर कुणी हात रिकामा पुढे केला नाही.

परदेशातून पैसे येतील ही आशाही एकदाची मिटली. मंडळीतली काही मुलं अमेरिकेत आणि आखातात आहेत. त्यांना फोन गेले, त्यांनी आनंदाने तयारी दाखवली. मग कळलं की ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं त्यांचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. ती आमच्याकडे नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले ते चालले. दुबईतल्या दोघांचं आलं, न्यू जर्सीचं अडलं. न्यू जर्सीतल्या मुलीला फार वाईट वाटलं. मला मात्र वाटलं, बरंच झालं. पुन्हा एकदा अमेरिकेतून पैसा येऊन छप्पर होणार असतं, तर सभेतलं माझं बोलणं तिथेच विरून गेलं असतं. तिने मग कल्याणला राहणाऱ्या आपल्या आईला सांगितलं आणि आईने आपल्या शिल्लकीतून दिलं.

नोव्हेंबरात हंगामाचा सण आला. गावाकडे हा सण म्हणजे शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणायचं. मुंबईत शेत कुणाचं? माणसं पहाटे भायखळ्याच्या भाजी मार्केटातून नाहीतर दादरहून भाजी घेऊन येतात. नेवाशाकडून एका कुटुंबाने बाजरीचं पोतं आणलं, कुणी घरच्या कोंबडीची अंडी, कुणी केक, कुणी लोणच्याच्या बरण्या. उपासनेनंतर लिलाव. त्या वर्षी एक लांबलचक दुधी आला होता. पहिल्याने घेतला, पैसे दिले आणि म्हणाला, परत लावा. दुसऱ्याने घेतला, परत लावा. तिसरी बोली बदलापूरच्या काकांची, तेच ज्यांनी हिशेब विचारला होता. त्यांनी सगळ्यांत चढी बोली लावली, दुधी घेतला, आणि पिशवीत घातला. परत दिला नाही. “हा मी घरी नेतो,” म्हणाले, “बायकोला सांगायचंय, आपण छप्पर घेतलं.” लोक हसले, टाळ्या वाजल्या. पेटीत त्या दिवशी जे जमलं, ते आधीच्या महिन्यांच्या पुष्कळ वर होतं.

वर्गणी गोळा करायची ही रीत आम्ही कुठे शिकलो, हाही प्रश्न मला पडतो. मला वाटतं, चाळीतच. आमच्या मजल्यावर कोकणातल्या एका गावची खोली होती. गावाहून आलेला माणूस नोकरी मिळेपर्यंत तिथे राहायचा, आणि ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पावतीपुस्तकं तिथूनच निघायची. माझे वडील अक्षर चांगलं म्हणून त्यांच्या पावत्या लिहून देत. मुंबईत राहून गावचं देऊळ उभं करायचं हे कोकणातल्या माणसाला नवीन नव्हतं. आम्ही तेच उलट्या दिशेने केलं. उपनगरांत राहून मुंबईतलं जुनं देऊळ उभं केलं. मुंबईत ही गोष्ट तशी फार जुनी आहे. चर्चगेटला ज्याच्यामुळे नाव मिळालं त्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा पाया १६७६ साली घातला गेला, भिंती थोड्या वर आल्या आणि काम थांबलं. जवळपास चाळीस वर्षं त्या भिंती उघड्या उभ्या होत्या. १७१४ साली रिचर्ड कॉब हे पाद्री आले, त्यांनी लोकांना देणग्या द्यायला उभं केलं, आणि १७१८च्या नाताळात चर्च उघडलं. कंपनी सरकारच्या शहरातही अर्धवट भिंतींना छप्पर आलं ते वर्गणी मागायला कुणी तरी उठला तेव्हाच.

कामाला ईस्टरनंतर सुरुवात करायची ठरली होती, कारण पावसाच्या आधी एवढाच वेळ मोकळा. मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण चुन्याची तयारी उपवासकाळातच सुरू झाली. जुन्या भिंती चुन्याच्या आहेत. मागच्या पिढीने चांगल्या हेतूने त्यांना सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल हळूहळू बाहेर पडते. वर सिमेंट आलं की ती आत अडकते, क्षार धरतात आणि भिंतीला लोणा लागतो. म्हणून सिमेंट काढून पुन्हा चुनाच द्यायचा होता. आवारात हौद करून चुना भिजत घातला. मिस्त्री एका पिंपात हिरडा आणि गूळ भिजवायचे आणि ते पाणी चुन्यात घालायचे. झावळ्यांच्या रविवारी मुलं खजुराच्या झावळ्या घेऊन आवारातून मिरवत आली, तेव्हा सगळीकडे गूळ-हिरड्याचा आंबूस वास पसरला होता. एका आजीने डोळे मिटून तो वास घेतला आणि म्हणाल्या, “गावचं घर बांधताना असाच यायचा.”

परांची चढली. बांबू आणि काथ्या. उपासना शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये गेली. शाळेच्या लोकांनी भाडं घेतलं नाही. मी शनिवारी जाऊन बघत असे.

पहिलं कौल खाली आलं तेव्हा मिस्त्रींनी ते नळाखाली धरून पाठीमागून धुतलं. शेवाळ निघालं आणि अक्षरं दिसली. बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. ते साल कारखान्याचं आहे, आमच्या छपराचं नव्हे. पण ते वाचून मला उभ्या जागी बरं वाटलं. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो ज्या लोकांनी धर्म बदलला आणि त्यापायी जातीचा धंदा आणि घर गमावलं, त्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून. म्हणजे ज्या कौलाखाली आम्ही इतकी वर्षं बसलो, ते कौल स्वतःच्या पायावर उभं राहू पाहणाऱ्या माणसांनी भाजलेलं होतं. धड असलेली कौलं आम्ही एकही टाकली नाहीत. धुऊन पुन्हा वर गेली. गळती कौलांमुळे नव्हतीच. माथ्यावरच्या अर्धगोल कौलांचा जुना सिमेंटचा सांधा फुटला होता, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ पानांनी तुंबली होती, आणि मागच्या भिंतीत पिंपळाने मूळ धरलं होतं. दर वर्षी कुणी तरी तो वरून छाटत होतं आणि तो दर वर्षी जाड होत होता.

कैच्यांचं मधलं लाकूड शाबूत निघालं. भिंतीत टेकणारी टोकं मात्र कुजली होती, आणि दोन ठिकाणी वाळवी आत दूरवर गेली होती. टोकं कापून तिथे नवं लाकूड सांधायचं होतं, आणि जुन्याच्या जोडीला तसंच मुरलेलं सागवान हवं होतं. मिस्त्रींबरोबर आम्ही रे रोडला लाकडाच्या बाजारात गेलो. पाडलेल्या इमारतींमधल्या तुळया तिथे रचून ठेवलेल्या होत्या. काहींवर भिंतीचा निळा चुना अजून चिकटलेला, एकीला पाळण्याचा कडीचा हुक तसाच. दुकानदाराला विचारलं, हे कुठलं? म्हणाला, लालबागची एखादी चाळ असेल, नक्की नाही सांगता येत. आम्ही हुक असलेली तुळई घेतली. हुक मिस्त्रींनी काढून माझ्या हातात दिला. लाकूड आता वेदीच्या उजवीकडच्या कैचीत आहे. बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या नागदेवी स्ट्रीटवरून आल्या. कशासाठी ते कळल्यावर तिथल्या बोहरी व्यापाऱ्यांनी नफा घेतला नाही. बिल मात्र पक्कं द्या, असं आम्हीच म्हटलं, कारण फळ्यावर लावायचं होतं.

परवानग्यांबद्दल फार लिहीत नाही. वेळ लागतो, फेऱ्या होतात, शेवटी मिळतात. फक्त एवढं सांगते, की कागद आधी लावा आणि लाकूड नंतर बघा.

मे संपता संपता छप्पर पूर्ण झालं. पहिला मोठा पाऊस शनिवारी रात्री आला. रविवारी मी लवकर गेले. आमच्या आधी तबल्याचा मुलगा पोचला होता आणि चादरीशिवाय तबला लावून बसला होता. डावीकडच्या त्या दोन बाकांवर कुणी मुद्दाम बसवलं नव्हतं, पण ते सगळ्यांत आधी भरले.

सगळं झालं असं मात्र नाही. उत्तरेची भिंत अर्धीच झाली आहे. निधी छपरातच संपला. बदलापूरच्या हॉलचा प्रश्न तसाच आहे आणि वार्षिक सभेत तो पुन्हा आला. या वेळी आवाज कमी चढले. जागा विकण्याचा ठराव कुणी मांडला नाही, पण पेटीतल्या पैशातला एक भाग दर वर्षी बदलापूरच्या भाड्याकडे जावा, असा ठराव कळव्याच्या सिस्टरांनी मांडला आणि तो मंजूर झाला. माझं मत विरुद्ध होतं. भिंत आधी, असं मी म्हणाले होते. बहुमताने झालं ते मला मान्य आहे, आणि भिंतीसाठी वेगळी वर्गणी मी या नाताळात मागणार आहे.

पेटी तिथेच आहे. देखभाल निधी म्हणून चालू ठेवली आहे, दोन किल्ल्यांचा नियम कायम आहे आणि फळ्यावर आकडेही लिहिले जातात. पन्हळ साफ करायचं काम नालासोपाऱ्याच्या तरुण संघाने अंगावर घेतलं आहे. दर वर्षी मेच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतर. शिडी आहे, दोर आहे. हातमोजे आपापले आणावेत, आणि पिंपळ दिसला तर छाटू नये, मिस्त्रींना फोन करावा. त्यांचा नंबर पेटीवर चिकटवला आहे.